सवयीचा हात

“हात सवयीनं खिशात गेला, एवढंच म्हणायचं,” वकीलबाई म्हणाल्या आणि फाईल मिटून त्यांनी मांडीवर ठेवली. “नर्सच्या खिशात दिवसभर काय काय जातं! कात्री, थर्मामीटर, पेन, कुणाच्या तरी गोळ्या. तशीच दुकानातली बाटलीही गेली. तुला कळलंसुद्धा नाही. हेतू नव्हता. आणि हेतू नाही तर चोरी नाही. विषय संपला.” खोकल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या कर, असं सांगावं तितक्या सहज बोलल्या. सहा आठवडे मी सगळ्याची तयारी केली होती. रडायची, न रडायची, मान खाली घालायची, ‘हो साहेब’ म्हणायची. आरशासमोर उभी राहून ‘विसरले’ हा शब्द इतक्या वेळा म्हटला होता की त्याचा अर्थच उडून गेला होता. पण हे नवीन होतं. कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक बाक, डावीकडे आई, उजवीकडे वकीलबाई, समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी आणि पाटीखाली शांतता न राखणारी पन्नास माणसं. मी आपली माझ्या उजव्या हाताकडे बघत बसले. हात गप्प होता. त्याला काय, तो नेहमीच नामानिराळा.

तशा वकीलबाई चांगल्या आहेत. कोर्टानं फुकट दिलेल्या म्हणजे कामचुकारच असणार, असं मामा म्हणाला होता. पण पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर दोन रेघा मारून मला सगळं समजावलं. पहिली रेघ कबुलीची. वय बावीस, पहिलाच गुन्हा, वस्तू किरकोळ, म्हणजे न्यायाधीश समज देऊन सोडतील, वर्षभर नीट वागेन असं लिहून घेतील, तुरुंगबिरुंग काही नाही. पण कबुली म्हणजे गुन्हा सिद्ध. आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी अर्जात अकरावा रकाना आहे: ‘आपल्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?’ तिथं ‘हो’ लिहिलं की अर्ज बाजूला पडतो. मग समिती बसते. कधी बसते ते समितीलाच ठाऊक. नोंदणी नाही तर नोकरी नाही, शिक्षणाची चार वर्षं पाण्यात. दुसरी रेघ नाकारण्याची. हेतू नव्हता हे पटवायचं, निर्दोष सुटायचं, रकान्यात ‘नाही’ लिहायचं आणि सोमवारी कामावर हजर. ऑपरेशन थिएटरमधली एक जागा माझ्यासाठी ठेवली होती, ती या सोमवारपर्यंतच. अर्जाची मुदत उद्या संपत होती. “दुसरी रेघ,” आई ताबडतोब म्हणाली होती, भाजी निवडावी तशी. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

‘विसरले’ मला चालत होतं. माणूस विसरतो, त्यात काय. पण ‘सवयीनं गेला’ हे किती खोटं आहे ते त्या बाकावर एकट्या मलाच माहीत होतं. वॉर्डातल्या नर्सला खिसे असतात, खरंय, आणि ते कायम फुगलेले असतात. मी वॉर्डात फक्त सहा महिने होते. गेलं दीड वर्ष मी थिएटरमध्ये शिकाऊ आहे, टेबलाशी उभं राहून सर्जनच्या हातात हत्यारं देणारी. तिथं उभ्या राहणाऱ्या बाईचे हात कमरेच्या खाली जात नाहीत. कमरेखाली जे काही आहे ते सगळं अस्वच्छ, स्वतःचे गुडघेसुद्धा. एकदा हात धुतले की ते छातीशी, बोटं वर, कोपर खाली. नाक खाजलं तर खाजू दे. एखादा चिमटा कडेवरून घसरला तरी झेलायचा नाही, पडू द्यायचा. हे सुरुवातीला कुणालाच जमत नाही, कारण पडणारी वस्तू धरायला हात लहानपणापासून शिकलेला असतो. त्याची ती खोड मोडावी लागते. माझी मोडायला चार महिने लागले आणि मग इतकी मोडली की घरी जेवायला बसतानाही मी हात वर धरून बसायची. “काय गं, शरण आलीस का?” आई म्हणायची. थिएटरमधल्या बाईचा हात सवयीनं कुठंही जाईल, पण खिशात नाही जाणार. तो तिथं न्यावा लागतो.

आणि ही खोड जिनं मोडली, तीच बाई आज माझ्या बाजूनं साक्ष द्यायला येणार होती. सगळं हॉस्पिटल त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतं. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मोठ्याच. सव्वीस वर्षं थिएटरमध्ये. बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हिला कुणीतरी शब्दामागं दंड लावलाय. एकदा तपासणीला माणसं येणार होती आणि रजिस्टरमधली एक सही राहून गेली होती. थेट मोठे साहेब खाली आले आणि म्हणाले, सिस्टर, कालची तारीख टाकून द्या की, काय आभाळ कोसळणारेय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “कालची तारीख काल होती, साहेब.” आणि आजची टाकली. ठपका आला तो घेतला. आम्ही मुली महिनाभर ते वाक्य एकमेकींवर मारत होतो. उशिरा आलीस? सात वाजता सात होते, साहेब. हसायचो खरं, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायची आमच्यातल्या एकीचीही छाती नव्हती.

“मॅडम, मोठ्या सिस्टरना माहितीये का, तुम्ही हे विचारणार ते?” मी वकीलबाईंना विचारलं.

“काल सकाळी फोन केला ना मी. म्हटलं, मुलगी कशी आहे ते सांगालच, पण एक प्रश्न नर्सच्या खिशांचा विचारीन. खिशात वस्तू टाकायची सवय असते, एवढं म्हणा.”

“मग काय म्हणाल्या?”

“‘बरं’ म्हणाल्या.”

“नुसतं बरं?”

“मग काय भाषण करायचं होतं का त्यांनी?” वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं. “काही अडचण आहे का? असेल तर आत्ता सांग. आत गेल्यावर नको.”

सांगायला हवं होतं. आई माझ्याकडे बघत होती. तिनं त्या दिवशी माझा पांढरा शर्ट तीनदा इस्त्री केला होता, जणू कॉलर नीट बसली की न्यायाधीशही नीट बसतील. “काही नाही,” मी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर भीतीबरोबर मला आत कुठंतरी हायसंही वाटलं. मोठ्या सिस्टर काही खोटं बोलणार नाहीत. त्यांना विचारतील, सवय असते ना? त्या म्हणतील, थिएटरमध्ये नसते. संपलं. माझ्या तोंडून जे सहा आठवडे निघत नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघेल, अकरावा रकाना आपोआप भरेल आणि आईला सांगता येईल की बघ, मी प्रयत्न केला होता. इतकी भेकड असू शकते मी. दुसऱ्याच्या खरेपणावर आपली पाठ टेकून बसायचं आणि वाट बघायची.

कारण तो हात मी नेला होता. दुसरं कुणी नाही. त्या दिवशी सकाळी सातला उभी राहिले ती दुपारी अडीचला बाहेर आले. मग हॉस्पिटलसमोरच्या मोठ्या दुकानात साबण घ्यायला गेले. पर्समध्ये पैसे होते. साबणाच्या वाटेवर नेलपॉलिशचा स्टँड लागला, बोटभर उंचीच्या बाटल्या, पन्नास तरी रंग. थिएटरमध्ये नखं कापलेली, कोरडी, रंगाचं नाव नको. मला तो रंग लावताच येणार नव्हता. मी एक गर्द तपकिरी-लाल बाटली उचलली. डावीकडे एक म्हातारं जोडपं शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होतं, नवरा वाचायचा आणि बायको ‘नको’ म्हणायची. उजवीकडे कुणी नव्हतं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, हे मला इतकं लख्ख आठवतं की रागच येतो. मग माझा हात खाली जाताना मी पाहिला. छातीपासून पोट, पोटापासून कंबर, कंबरेच्या खाली. जाकिटाच्या खिशात बाटली पडली तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला आणि लपवून काय करू, मजा आली. किती महिन्यांनी आली! माझ्या दिवसातली प्रत्येक वस्तू, चिमट्यापासून बोळ्यापर्यंत, दोघींनी मोठ्यानं मोजायची, फळ्यावर लिहायची, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायची. ही बाटली कुणाच्याच हिशोबात नव्हती. खिशात ती हळूहळू ऊबदार झाली. साबणाचे पैसे मी दिले. काउंटरवरच्या मुलीला ‘थँक्यू’ म्हणाले. दारापर्यंत गेले.

“ताई, जरा खिसा दाखवता का?” वॉचमन म्हणाला. वडील असते तर त्यांच्याएवढा. बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला होता. मी खिसा दाखवला आणि ‘सॉरी’ म्हणाले. त्यानंतरचा अर्धा तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. मागची खोली, तिथला पंखा, मॅनेजरचं ‘आमचा नियमच आहे, पोलिसांत दिल्याशिवाय सोडता येत नाही’ आणि शाम्पूवालं जोडपं बाहेर जाताना माझ्याकडे बघून एकदम बोलायचं थांबलं ते. चौकीत एका हवालदारानं माझी बोटं शाईवर दाबली आणि कागदावर लोळवली. ठसे नीट उठेनात. पुन्हा केलं, तरी पुसट. “काय गं, भांडी घासतेस का कुठं?” तो म्हणाला. दीड वर्षं दिवसातून चार-चारदा ब्रशनं बोटं घासली होती मी, रेघा झिजल्या होत्या. मी म्हटलं, “नर्स आहे.” तो थांबला. माझ्याकडे त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी जन्मात विसरणार नाही. वाईट नव्हती. नुसती निराश होती, जणू मी त्याच्याच घरातलं काहीतरी उचललं होतं.

घरी आईनं एकदाही विचारलं नाही, केलंस का. ती विचारेल म्हणून मी पहिले आठ दिवस तिच्यासमोर यायचं टाळलं आणि मग ती विचारत नाही म्हणून मला राग येऊ लागला. समन्स आलं तेव्हा शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं की मला साक्षीला बोलावलंय, हॉस्पिटलच्या कसल्याशा कामासाठी. किती सफाईनं सांगितलं! शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले लिहिणारी बाई, कुणाच्या वयात एक महिना इकडचा तिकडे केला नाही आणि माझ्यासाठी दारात उभ्या-उभ्या थाप मारून मोकळी. मामा येऊन गेला. “पोरगी धुतल्या तांदळासारखी आहे, दुकानदारांचीच कटकट,” म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या हाताखालून निसटावंसं वाटत होतं. रस्त्यात कुठलंही दुकान आलं की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. पाऊण महिना मी स्वतःच्या घरासाठी साबणसुद्धा आणला नाही.

आणि मोठ्या सिस्टर. केस मिटेपर्यंत मला टेबलाशी उभं राहायला बंदी होती, म्हणून मी मागच्या खोलीत हिरव्या कापडांच्या घड्या घालत असायची. दुसऱ्या आठवड्यात त्या तिथं आल्या आणि दार लोटून घेतलं. “हात कसा गेला?” एवढंच विचारलं. बाटली कुठली, किती किमतीची, का, काही नाही. हात कसा गेला. मी म्हणाले, “कळलं नाही, सिस्टर.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं, बराच वेळ. “बरं,” म्हणाल्या आणि मी घातलेली एक घडी उलगडून त्यांनी पुन्हा घालायला लावली. तेवढ्यात सगळं कळलं होतं त्यांना. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

त्या आल्या त्या बरोबर पावणेअकराला. करडा कोट, हातात छत्री, केस घट्ट बांधलेले. थिएटरच्या कपड्यांबाहेर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुणाचीही मावशी असावी तशा दिसत होत्या आणि ते बघून मला अवघडल्यासारखं झालं. आई लगबगीनं उठली. “सिस्टर, या ना, इथं बसा, पोरीवर तुमचा केवढा जीव—” त्या म्हणाल्या, “साक्षीदारानं शेजारी बसू नये,” आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसल्या. आई परत आपल्या जागी बसली. मी उठून त्यांच्यापाशी गेले. उभीच राहिले, विद्यार्थिनीसारखी.

“सिस्टर, त्या मॅडम खिशाचं विचारणारेत.”

“माहितीये.”

“तुम्ही जे आहे तेच सांगा. माझ्यासाठी म्हणून काही…”

“मी काय सांगायचं ते तू मला शिकवू नकोस.” मग छत्री बाकाला टेकवत, “खाल्लंस का सकाळी?”

“नाही.”

“मूर्ख. रिकाम्या पोटी उभं राहायचं नाही, किती वेळा सांगितलंय? पडलीस तर तुला उचलायला वेगळी दोन माणसं लागतात.” त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी दोन खाल्ली. त्या बघत होत्या म्हणून. तेव्हाच विचारायला हवं होतं त्यांना सरळ, तुम्ही काय ठरवलंय? ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

खोली मला वाटली होती त्यापेक्षा फार लहान निघाली. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. ते वयस्कर होते, रुमाल हातातच धरून होते आणि दर दोन मिनिटांनी ‘पुढे’ म्हणत होते. आधी वॉचमन उभा राहिला. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. बाटली उचलली, हात खिशात गेला. वकीलबाईंनी विचारलं, “तिनं इकडंतिकडं पाहिलं का?” तो म्हणाला, “माझ्याकडे पाठ होती बाईंची. सांगता येत नाही.” “हाक मारल्यावर पळाली?” “नाही हो. उभी राहिली. सॉरी म्हणाली.” सरकारी वकील जागेवरूनच म्हणाला, “सॉरी कशाबद्दल?” वॉचमन गोंधळला. माझ्याकडे बघत म्हणाला, “ते त्यांनाच विचारा साहेब, मला म्हणाली तेवढं मी सांगतोय.” कुणीतरी मागं हसलं. मी आरोपीच्या कठड्यात उभी होते आणि माझे हात, देवाशप्पथ, माझे हात छातीशी वर आले होते. मी ते खाली करून कठड्यावर ठेवले. लाकूड चिकट होतं.

मोठ्या सिस्टर साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा कठडा त्यांच्या गळ्यापर्यंत आला. शपथ घेतली, एकेक शब्द सुटा. मुलगी कशी आहे? “कामाला चोख. हात स्थिर. उलट उत्तर देत नाही.” कधी काही तक्रार? “नाही.” वकीलबाई माझ्याकडे बघून जराशा हसल्या आणि मग त्यांनी तो प्रश्न टाकला. “सिस्टर, काम करताना नर्सेसना छोट्या-मोठ्या वस्तू पटकन खिशात टाकायची सवय असते. बरोबर?” मी डोळे मिटले. आता. आता होऊन जाईल. डोळ्यांपुढे कौन्सिलच्या अर्जाचा तो रकाना आला आणि त्यात मी ‘हो’ लिहिलेलं मला दिसलंसुद्धा, माझ्या अक्षरात, आणि काय सांगू, छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. केलं मी, साहेब, म्हणायला जीभ तयार झाली होती. त्यांनी सुरुवात करावी, बस.

“असते,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मी डोळे उघडले. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. सरकारी वकील कंटाळून उभा राहिला. “ही मुलगी ऑपरेशन थिएटरमध्ये होती ना? तिथंही असतात खिसे?” “आतल्या कपड्यांना असतात.” “आणि वापरता?” मध्ये इतका वेळ गेला की न्यायाधीशांनी रुमालावरून डोळे वर केले. “वापरतो,” त्या म्हणाल्या. “हात आपोआप जातो. कळत नाही.” ‘कळत नाही.’ माझेच शब्द. मी कापडांच्या खोलीत त्यांना दिलेले, त्यांनी तेव्हा न स्वीकारलेले. सरकारी वकील खाली बसला, त्याला एवढ्याशा बाटलीत काडीचा रस नव्हता. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. अहो, ही बाई खोटं बोलतेय! हिला ओळखत नाही का तुम्ही? हिनं आयुष्यात कधी असं केलं नाही! माझा राग कुणावर होता तेच मला कळेना. त्यांनी मला वाचवलं म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते. ज्या भिंतीला टेकून मी उभी होते ती भिंतच बाजूला सरकली होती.

“तुला काही सांगायचंय?” न्यायाधीशांनी मला विचारलं.

एक क्षण होता. तो नव्हता असं मी म्हणणार नाही. पण आता ‘मी केलं, हात मी नेला’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न त्यांना गेला असता, शपथेवर खोटं का बोललात म्हणून. माझी किरकोळ चोरी आणि त्यांची कोर्टातली खोटी साक्ष, मोठं काय ते मला वकीलबाईंच्या रेघांशिवायही कळत होतं. आई पहिल्या रांगेत हात घट्ट धरून बसली होती. “हात सवयीनं गेला साहेब,” मी म्हणाले. “हेतू नव्हता.” आवाज स्वच्छ आला. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

न्यायाधीशांनी चार ओळी सांगितल्या, लिहिणाऱ्यानं लिहिल्या. हेतू शाबित झालेला नाही, निर्दोष. त्यांना शिंक आली. पुढे. बाहेर येईपर्यंत वकीलबाई दुसरी फाईल उघडून दुसऱ्या कुणाला तरी दोन रेघा समजावत होत्या. मला अंगठा उंचावून दाखवला त्यांनी. आई रडत होती, हसत होती, मोठ्या सिस्टरचे दोन्ही हात धरून, “तुमचे उपकार कसे फेडू, सिस्टर, सात जन्म…” त्यांनी हात सोडवून घेतले, वाईट न दिसेल इतक्या हळू, आणि आईला खाली चहा सांगायला पाठवलं. मग छत्री काखेत मारून माझ्याकडे वळल्या.

“अर्ज आजच भर. उद्यावर ठेवू नकोस. आणि सोमवारी पावणेसातला ये. नव्या बाई उशीर खपवून घ्यायच्या नाहीत.”

“नव्या बाई?”

“माझ्या जागी येतायत त्या.”

मला आधी कळलंच नाही. “आणि तुम्ही?”

“मी तळघरात. हत्यारं उकळायच्या खोलीत. काल दुपारी अर्ज दिला, संध्याकाळी मंजूर झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं, लगेच दिलं त्यांनी.”

काल दुपारी. वकीलबाईंचा फोन काल सकाळचा. म्हणजे ‘बरं’ म्हणाल्या, फोन ठेवला आणि अर्ज लिहायला बसल्या. मी कापडाच्या घड्या घालत होते तेव्हा. मी आज सकाळी ‘काही नाही’ म्हणत होते तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. “पण का?” मी विचारलं. लहान पोरीसारखं विचारलं.

“शेवटची मोजणी करून मी ‘बरोबर’ म्हटलं की डॉक्टर पोट शिवायला घेतात,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा, सुटा सुटा. “आत काही राहिलं का ते पुन्हा बघत नाहीत. माझ्या शब्दावर शिवतात. आज मी शपथेवर काय बोलले ते ऐकलंस ना? त्यानंतर कुणाच्या उघड्या पोटाशी उभी राहून मी ‘बरोबर’ म्हणू?”

“मग मीही येत नाही,” मी म्हणाले. मला रडू फुटलं, अखेर, चारचौघांत, नाकातून पाणी येईपर्यंत. “मी तर तुमच्याहून… मीही तेच बोलले. चोरी मी केली, सिस्टर. मला माहीत होतं. मी बघून केली. मी कशी उभी राहू तिथं? तुम्ही परत जा. मी जाते आत, सांगते त्यांना—”

त्यांनी माझं मनगट धरलं. चार महिने माझ्या हाताची खोड मोडताना त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. चामडी खरखरीत होती, माझ्याहून झिजलेली. “आत जाऊन काय सांगशील? मी खोटं बोलले ते? तुझं हलकं व्हावं म्हणून मला पोलिसांत देशील?” मी नकारार्थी मान हलवली. “मग गप्प. सगळं आयुष्य ठेवून आलेय मी त्या कोर्टात, तू घरी बसून रडावंस म्हणून नाही. तू यायचं. रोज यायचं. आणि तोंडातून निघेल तो शब्द खरा काढायचा, कुणी विचारो न विचारो, कंटाळा येवो, भीती वाटो. मी सुटले त्यातून. तुला सुटायला मिळणार नाही.”

जिन्याच्या खालून आई ओरडली, “अगं, चहा निवतोय! काय म्हणतायत सिस्टर?”

“सोमवारी पावणेसातला बोलावलंय,” मी म्हणाले.

“मग हो म्हण की! बघतेस काय नुसती?”

मोठ्या सिस्टर माझं मनगट धरून तशाच उभ्या होत्या. “हो,” मी म्हणाले, तेव्हा त्यांनी ते सोडलं.